डॉली

पत्र्याला मागून आधार दिल्याशिवाय
समोरून ठोका मारायचा नसतो,
हे कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर
मुश्ताकनं पहिल्याच आठवड्यात शिकवलं.
आधाराच्या त्या लोखंडी ठोकळ्याला डॉली म्हणतात.
एक हात आत, एक बाहेर, मधे पत्रा.
मग तो ऐकतो.

बावीस वर्षं झाली डेंटिंगच्या कामाला.
नुसत्या आवाजावरून सांगतो
पोचा कुठं संपला
आणि पत्रा कुठं ताणायला लागला.
तरी त्या रात्री, कामोठ्याच्या आमच्या दोन खोल्यांत,
बाथरूमच्या दारामागून आलेलं
टक. टक.
थांबून, टक.
मला ओळखता आलं नाही.
वैजू कूस बदलत म्हणाली,
नळाचा वॉशर गेलाय, कधीची सांगतेय.
लोखंड नव्हतं ते. लाकूडही नव्हतं.
ज्याला आतून कुणी धरलेलं नाही
असं काहीतरी.

सकाळी प्रणित चहात पाव बुडवून
एकाच बाजूनं चावत होता.
अक्कलदाढ येतेय म्हणाला.
मी म्हटलं, येऊ दे, अक्कल येत असेल तर कशाला अडवतोस.
आणि हसलो.
ते हसणं अजून घशात आहे.

माझी छोटी हातोडी, गोल डोक्याची,
गुरमीतच्या टेम्पोच्या मडगार्डसाठी तीन दिवस शोधली.
पोराला विनाकारण बोललो, गॅरेजवरच्या पोराला.
सापडली ती प्रणितच्या क्लासच्या बॅगेत,
फिजिक्सच्या नोट्सखाली,
माझ्याच रुमालात गुंडाळून.

त्यानं मोबाईल पुढे केला.
कुठला तरी गोरा मुलगा,
जबडा असा की कागद कापावा.
हाडाला बारीक तडे गेले की ते भरताना जाड होतं, म्हणाला,
शास्त्र आहे पप्पा.
मग, खाली बघत,
तुम्ही पण दिवसभर हेच करता ना.

ओपीडीत डॉक्टरीणबाई त्याच्याहून पाच-सात वर्षांनीच मोठी.
कापसाचं टोक त्याच्या वरच्या ओठावरून फिरवत होती.
लागतंय?
नाही.
इथे?
नाही.
नस दुखावलीय, म्हणाली. परत येईल कदाचित.
कदाचित हा शब्द तिनं फाइलवर लिहिला नाही.

रिक्षात मी बोलायला लागलो, गॅरेजचंच.
म्हटलं, जास्त ठोकलेला पत्रा ताणला जातो रे,
मग डब्याच्या झाकणासारखा होतो,
इकडून दाबला की तिकडून फुगतो,
त्याच्यावर फक्त पुट्टी भरायची आणि रंग मारायचा.
म्हटलं, मी कुठलीच गाडी देखणी केली नाही आजवर.
ठोकर बसायच्या आधी होती तशी करतो,
तेवढंच. त्याचेच पैसे.
तो बाहेर बघत होता.
खांदा कॉलनीच्या सिग्नलला एक होर्डिंग होतं, कसल्या तरी क्रीमचं.

रात्री आरशासमोर दात घासताना
दिसलं ते दिसलं.
आत गेलेली, नसल्यासारखी हनुवटी.
तो जिच्यावर हातोडी चालवत होता
ती माझी आहे.
मी दाढी ठेवलीय लग्नाच्या आधीपासून.
का, ते कुणी विचारलं नाही,
वैजूनंसुद्धा नाही.
मी सांगितलं असतं असंही नाही.

वॉशर बदलला दुसऱ्या दिवशी.
त्यात काही बिघडलेलं नव्हतंच.

आता रोज रात्री बर्फ लावतो त्याच्या गालाला.
फडक्यात गुंडाळलेला, हलकेच, वरून खाली.
दुसरा हात आपोआप जातो
डोक्यामागे, केसांत,
जिथं तो लहानपणी घामेजायचा.

पप्पा, दाबू नका ना.

दाबत नव्हतो.
नुसता धरला होता.